संसार आणि शास्त्र : मोटारींतील रेडिओ स्कॅनर

कान देणें आणि कान लावणें हे दोन वाक्प्रचार आपल्या भाषेंत अगदीं शेजारीं शेजारीं नांदतात. परंतु त्या दोहोंच्या मध्यें सभ्यतेची एक रेषा आहे. आपल्याशीं कोणी बोलत असतां आपण त्याच्याकडे कान देतों. दोघे परस्परांशीं बोलत असतां तिसरा दाराआड उभा राहतो, तो कान लावतो. या महिन्यांत ज्या यंत्राविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, तें नेमकें या रेषेवर उभें आहे. म्हणूनच त्याची माहिती देतांना केवळ तारा, कळा आणि किंमत सांगून भागणार नाहीं.

या यंत्राचें नांव रेडिओ स्कॅनर. कागदाची प्रतिमा उतरवून घेणारा कचेरींतील स्कॅनर तो निराळा. हा स्कॅनर म्हणजे आकाशांतील निरनिराळ्या लहरी एकामागून एक चाळणारा आणि जेथें कोणी बोलत असेल तेथें क्षणभर थांबून तें बोलणें ऐकविणारा रेडिओ होय. त्याचा खरा प्रसार अमेरिकेंत आहे, आणि तेथें तो घरांतल्याप्रमाणें मोटारींतही बसवितात. आपल्या वाचकांच्या कित्येक एकत्र कुटुंबांतील एक तरी शाखा आतां त्या देशांत रुजली आहे. मुलानें किंवा जांवयानें असें यंत्र घेण्याचें मनांत आणलें, तर वडील मंडळींनीं काय सल्ला द्यावा, आणि सहा महिने तिकडे राहावयास गेलेल्या आजी-आजोबांना त्याचा काय उपयोग, हें समजावें एवढाच या लेखाचा हेतु. तो सल्ला आरंभींच एका ओळींत सांगून ठेवतों : आधीं गांव पाहावें, मग कायदा पाहावा, आणि यंत्र सर्वांत शेवटीं पाहावें. बहुतेक लोक याच्या नेमकें उलट करतात आणि पैसे गमावतात; क्वचित् अब्रूही गमावतात.

प्रथम यंत्राची घडण पाहूं. आपण ज्या रेडिओवर गाणीं व बातम्या ऐकतों, त्यावर बोलणारा मनुष्य सर्वांना उद्देशून बोलत असतो. याहून निराळें असें पुष्कळसें बोलणें आकाशांतून अहोरात्र चाललेलें असतें : अग्निशामक दलाचा बंब आणि त्याचें ठाणें, आगगाडीचा चालक आणि मार्गनियंत्रक, विमान आणि विमानतळ, नौका आणि बंदर. अशा संभाषणांत वाक्यें तुटक असतात आणि मध्यें मिनिटेंच्या मिनिटें शांतता असते. एकाच लहरीवर बसून वाट पाहणारा श्रोता कंटाळून जाईल. स्कॅनर हा कंटाळा आपल्या अंगावर घेतो. ठरवून दिलेल्या वाहिन्या तो झपाझप तपासतो. जेथें शांतता असेल तेथून पुढें सरकतो, जेथें आवाज असेल तेथें थांबतो, आणि बोलणें संपल्यावर दोनएक सेकंद उत्तराची वाट पाहून पुन्हां चालूं लागतो. शांतता कोणती आणि आवाज कोणता हें ठरविणारी जी योजना, तिला स्क्वेल्च म्हणतात. तिची कळ फार सैल ठेवली तर यंत्र नुसत्या खरखरीवर थबकून राहतें. फार आवळली तर दूरचें क्षीण बोलणें मुकतें. खरखर जेथें नुकतीच थांबते, तेथून केसभर पुढें ती ठेवावी, हा अनुभवी लोकांचा पाठ आहे.

सुमारें पन्नास वर्षांपूर्वींच्या यंत्रांत प्रत्येक वाहिनीसाठीं स्फटिकाचा एक निराळा तुकडा विकत आणून बसवावा लागे. आठ-दहा वाहिन्यांचें यंत्र म्हणजे आठ-दहा स्फटिक. इलेक्ट्रा या अमेरिकन कारखान्याचीं ‘बेअरकॅट’ नांवाचीं यंत्रें त्या काळीं प्रसिद्ध होतीं. तेंच नांव पुढें युनिडेन या जपानी कंपनीकडे गेलें आणि आजही चालू आहे. स्फटिकांची जागा पुढें अंकांनीं वाहिनी ठरविणाऱ्या मंडलांनीं घेतली, आणि शेंकडों वाहिन्या एका पेटींत मावूं लागल्या. २०१० सालीं युनिडेननें ‘होमपेट्रोल’ नांवाचें यंत्र काढलें. त्यांत आपल्या टपाल-विभागाचा क्रमांक भरला कीं त्या गांवच्या वाहिन्या आपोआप निवडल्या जातात. मोटारींतील कांहीं यंत्रांना उपग्रहावरून स्थान ओळखणारें उपकरण जोडतां येतें. मग गाडी एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत शिरली कीं वाहिन्याही त्याबरोबर बदलतात. इतकें सुलभ झाल्यामुळेंच, यंत्र आणलें कीं सर्व कांहीं ऐकूं येईल, असा भ्रम होऊन बसतो.

तो भ्रम दूर होण्यासाठीं आकाशाची वांटणी थोडी समजून घेतली पाहिजे. अमेरिकेंत हवामान-खात्याचें अखंड भाषण १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात वाहिन्यांवर चालतें. एक हजाराहून अधिक क्षेपणकेंद्रें तें दिवसरात्र पाठवितात, आणि एका केंद्राचा टप्पा सामान्यतः चाळीसएक मैलांचा असतो. नागरी विमानांचें बोलणें ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत असतें. नौकांचें १५६ पासून पुढें, त्यांतील १५६.८ ही सोळाव्या क्रमांकाची वाहिनी संकटकाळच्या हाकेसाठीं राखून ठेवलेली आहे. आगगाड्यांचें बोलणें १६० आणि १६१ मेगाहर्ट्झच्या परिसरांत चालतें, आणि आगगाड्यांचे शौकीन तेवढ्यासाठींच स्कॅनर बाळगतात. हें सर्व बोलणें अद्याप बहुतांशीं जुन्या साध्या पद्धतीचें आहे, आणि शंभर-सव्वाशें डॉलरांचें साधें यंत्रही तें चांगलें ऐकवितें.

खरी अडचण येते ती पोलिस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांच्या बाबतींत. मोठ्या शहरांत त्यांच्यापैकीं प्रत्येकाला आतां ठराविक वाहिनी नसते. धर्मशाळेंतील कारभारी जसा येणाऱ्या प्रत्येक मंडळीला त्या क्षणीं मोकळी असलेली खोली दाखवितो, तसा तेथें एक संगणक प्रत्येक संभाषणाला क्षणोक्षणीं मोकळी वाहिनी नेमून देतो. या योजनेला ट्रंकिंग म्हणतात. साधा स्कॅनर अशा ठिकाणीं एक वाक्य एका विभागाचें आणि पुढचें दुसऱ्याचें असें ऐकवून गोंधळ करतो. ज्या यंत्राला त्या संगणकाची नियंत्रण-वाहिनी वाचतां येते, तेंच एका मंडळीच्या मागें खोली-खोलींतून जाऊं शकतें. त्यांतून आवाजही आतां अंकांत रूपांतर करून पाठवितात. तिकडच्या सार्वजनिक सेवांत त्याची प्रचलित पद्धत ‘प्रोजेक्ट २५’ ही होय, आणि तिच्या पहिल्या व दुसऱ्या अशा दोन पिढ्या आहेत. दुसऱ्या पिढीचें बोलणें पहिल्या पिढीपुरत्याच बनविलेल्या यंत्राला समजत नाहीं.

याहून एक बारीक अडचण आहे. ती दुकानदार सहसा सांगत नाहीं. कित्येक शहरांत एकच बोलणें अनेक मनोऱ्यांवरून एकाच क्षणीं पाठवितात. मोठ्या सभामंडपांत चारी कोपऱ्यांच्या कर्ण्यांतून एकच भाषण निघालें म्हणजे मधल्या श्रोत्याला जसे शब्द एकमेकांवर आदळून आल्यासारखे वाटतात, तसें येथेंही होतें. आणि अंकीय आवाजाच्या बाबतींत तो घोटाळा इतका होतो कीं, मनोरा दृष्टीच्या टप्प्यांत असूनही यंत्र मुकें बसतें. या दोषावर उपाय म्हणून निराळ्या रचनेचीं यंत्रें निघालीं : युनिडेनचें हातांत धरण्याचें ‘एसडीएस १००’ हें २०१८ सालीं, आणि मोटारींत किंवा मेजावर ठेवण्याचें ‘एसडीएस २००’ हें २०१९ सालीं. त्यांची किंमत सहा-सातशें डॉलरांच्या घरांत जाते. जेथें अशी अनेक मनोऱ्यांची व्यवस्था आहे, तेथें हा खर्च सार्थ होतो; जेथें ती नाहीं, तेथें तो केवळ हौसेचा.

आणि या सर्वांवर ताण करणारी गोष्ट म्हणजे कूटबद्ध बोलणें. पोलिसांनीं आपलें बोलणें कुलूपबंद केलें, तर सातशें डॉलरांचें यंत्र आणि लाकडी पेटी यांत ऐकण्यापुरता कांहीं भेद राहत नाहीं. डेन्व्हरच्या पोलिसांनीं २०१९ सालीं आपल्या वाहिन्या बंद केल्या; शिकागोनें २०२२ पासून वाहिन्या कूटबद्ध करून लोकांसाठीं अर्धा तास उशिरानें ऐकण्याची सोय ठेवली; न्यू यॉर्क शहरानें २०२३ मध्यें ब्रुकलिनपासून आरंभ केला. इंग्लंडमधील पोलिसांचें बोलणें तर एका स्वतंत्र बंदिस्त जाळ्यावरून चालतें. तेव्हां तेथें राहणाऱ्या आप्तांनीं या अपेक्षेनें यंत्र घेऊंच नये. कुलूप उघडणारा स्कॅनर बाजारांत मिळत नाहीं, आणि तशी जाहिरात कोणी केली तर तो ठक आहे असें खुशाल समजावें.

म्हणून ‘आधीं गांव’ असें वर म्हटलें. आपण राहतों त्या जिल्ह्यांत, आणि नोकरीच्या निमित्तानें रोज ज्या रस्त्यानें जातों त्या टापूंत कोण कोणत्या पद्धतीनें बोलतो, हें खरेदीपूर्वीं पाहून ठेवावें. ‘रेडिओरेफरन्स’ या नांवाच्या संग्रहांत जिल्हावार वाहिन्या, त्यांची पद्धत, आणि कोणती मंडळी कूटबद्ध बोलते याची नोंद मिळते. एक कागद घेऊन त्यावर दोन रकाने पाडावे : एकांत आपल्याला खरोखर काय ऐकावयाचें आहे तें, दुसऱ्यांत तें कोणत्या पद्धतीनें चालतें तें. हा कागद पुरा झाला कीं यंत्राची निवड आपोआप होते. आणि पुष्कळदां असेंही निष्पन्न होतें कीं, त्या घराला लागणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे हवामानाचा इशारा. आणि त्यासाठीं स्कॅनर नको, तीस-चाळीस डॉलरांचा हवामान-रेडिओ पुरे.

हवामानाचा हा मुद्दा गौण नव्हे. अमेरिकेच्या मध्यभागांत टोर्नेडो नांवाची विध्वंसक वावटळ येते, ती मिनिटांच्या हिशेबानें येते. २२ मे २०११ या दिवशीं मिझूरी राज्यांतील जॉप्लिन या गांवीं अशी वावटळ शिरली आणि दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं. तेथल्या हवामान-खात्यानें मागाहून चौकशी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, धोक्याचा पहिला भोंगा ऐकूनही बहुतेक लोकांनीं तत्काळ आसरा घेतला नाहीं; दुसरी कांहींतरी खूण पटेपर्यंत ते थांबले. ही दुसरी खूण वेळेवर मिळणें म्हणजे प्राण वांचणें. मोटारींत असणाऱ्याला तर घरचा भोंगाही नसतो. १६२ मेगाहर्ट्झवरील तें भाषण ऐकणें हें कान लावणें नव्हे. तें आपल्यालाच उद्देशून केलेलें असतें, आणि त्याकडे कान देणें हें कर्तव्य होय. यंत्रांत हवामान-इशाऱ्याला अग्रक्रम देण्याची सोय असते. ती खरेदीच्या पहिल्याच दिवशीं चालू करून ठेवावी. गाडींत आजी-आजोबा असतील, तर इशारा आला असतां गाडी कोठें न्यावयाची याचा विचारही घरीं बसून आधींच करून ठेवावा. मोकळ्या रस्त्यावर तो सुचत नाहीं.

आतां मोटारींतील मांडणीविषयीं. हातांत धरण्याचें यंत्र गाडींत वापरतां येतें, परंतु गाडीचें पत्र्याचें कवच लहरींना अडवितें, आणि पेटीवरच्या आंखूड एरियलला आंत बसून फारसें कांहीं लाभत नाहीं. मोटारीसाठीं बनविलेल्या यंत्राचा खरा फायदा असा कीं, त्याचा एरियल बाहेर असतो, अक्षर मोठें असतें आणि आवाज रस्त्याच्या घोंघाटांतही ऐकूं येतो. यंत्रावर शंभर डॉलर अधिक घालण्यापेक्षां एरियल नीट निवडून छपराच्या मध्यभागीं बसविण्यानें अधिक लाभ होतो. कारण छपराचा पत्रा हाच त्या एरियलचा दुसरा अर्धा भाग असतो. लहरीच्या लांबीच्या पावपट लांबीचा दांडा घ्यावा, हा सोपा नियम आहे. त्या हिशेबानें १५५ मेगाहर्ट्झसाठीं सुमारें ४८ सेंटिमीटर, ४६० साठीं १६, आणि ८५० साठीं अवघे ९ सेंटिमीटर लागतात. सर्व पट्टे ऐकावयाचे असल्यास अनेक पट्ट्यांसाठीं केलेला एरियल मिळतो. पण ज्याचें मुख्य काम एकाच पट्ट्याशीं आहे, त्यानें त्याच पट्ट्याचा घ्यावा. छपराला भोंक पाडणें नको असेल, तर लोहचुंबकाच्या बैठकीचा चालतो.

वीज घ्यावयाची ती शक्यतों थेट गाडीच्या बॅटरीवरून, आणि बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवून. फ्यूज लांब असला, तर मधली तार घांसून उघडी पडल्यास आगीला आमंत्रण होतें. सिगारेट पेटविण्याच्या खोबणींतून वीज घेतां येते; पण त्या वाटेनें इंजिनाची घरघर आवाजांत मिसळण्याचा संभव अधिक. यंत्र अशा जागीं बसवावें कीं, अपघातप्रसंगीं हवेची संरक्षक पिशवी फुगतांना तें तिच्या वाटेंत येणार नाहीं. आणि एक नियम घरांत निक्षून सांगून ठेवावा : चालकानें गाडी चालत असतां यंत्राच्या कळांना हात लावूं नये. शेजारीं बसलेल्यानें लावावा. एकटेंच असल्यास गाडी कडेला घ्यावी. इतरांचे अपघात ऐकतां ऐकतां आपणच अपघाताची बातमी व्हावें, याहून दुःखद विनोद तो कोणता?

वापराच्या बाबतींत नवशिक्याची एक खोड सर्वत्र आढळते. तो यंत्रांत मिळतील तितक्या वाहिन्या भरतो. पाचशें वाहिन्या चाळणारें यंत्र पहिल्या वाहिनीकडे परत येईपर्यंत तेथील महत्त्वाचें वाक्य होऊन गेलेलें असतें. आरंभीं दहा-पंधरा वाहिन्याच घ्याव्या : हवामान, आपल्या गांवचें अग्निशामक दल, रस्ते-खातें, आणि हौस असल्यास जवळचा विमानतळ किंवा आगगाडी. प्रत्येकीला वाचतां येईल असें नांव द्यावें. जी वाहिनी सतत कुरकुर करून मध्यें मध्यें अडवील, ती वगळण्याची कळ असते, ती दाबावी. ज्या वाहिनीवरचें उत्तर महत्त्वाचें असेल, तिच्यावर थांबण्याची मुदत थोडी वाढवावी. पंधरा दिवस ऐकल्यावर बोलणाऱ्यांचे संक्षेप, अंकांचे संकेत आणि रस्त्यांचीं नांवें कानांत बसतात. मग चार वाहिन्या आणखी घ्याव्या.

यानंतर कायदा. अमेरिकेंत या बाबतींत एक कायदा मध्यवर्ती सरकारचा आणि दुसरा प्रत्येक राज्याचा. मध्यवर्ती कायदा पोलिस, अग्निशामक दल वगैरेंचें खुलें बोलणें ऐकूं देतो. पण १९३४ च्या दळणवळण-कायद्यापासून असा निर्बंध चालत आलेला आहे कीं, आपल्यासाठीं नसलेला संदेश ऐकून तो भलत्याला सांगूं नये किंवा त्याचा स्वतःच्या फायद्यासाठीं उपयोग करूं नये. भ्रमणध्वनीवरील खासगी बोलणें ऐकणें १९८६ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें, आणि त्या लहरी ऐकूं शकणारे स्कॅनर बनविणें व आणणेंही १९९४ सालापासून बंद झालें.

राज्यांचे कायदे याहून चमत्कारिक आहेत, आणि मोटारवाल्याला खरी भीति तेथेंच आहे. घरांत जें यंत्र निर्धोक, तेंच गाडींत ठेवल्यानें कांहीं राज्यांत गुन्हा होतो. न्यू यॉर्क राज्याच्या वाहन-कायद्याच्या ३९७ व्या कलमान्वयें पोलिसांच्या लहरी ऐकूं शकणारें यंत्र विनापरवाना गाडींत बसविणें हा अपराध आहे. फ्लॉरिडा, केंटकी, इंडियाना आणि मिनेसोटा या राज्यांतही गाडींतल्या अशा यंत्रावर निर्बंध आहेत. न्यू जर्सींत आपलीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकीं कोणाची गाडी रविवारीं सकाळीं नदी ओलांडून न्यू यॉर्कांत शिरली, तर त्या पुलाच्या मध्यावर कायदा बदलतो, आणि पेटी मात्र तीच राहते. या राज्यांपैकीं बहुतेकांत हौशी रेडिओचा रीतसर परवाना असणाऱ्यास सूट आहे. पण तो परवाना जवळ असला पाहिजे. परदेशांत व्हिसावर राहणाऱ्या तरुणानें या गोष्टी हलक्या मानूं नयेत. इतरांना जो किरकोळ दंड, तो त्याला पुढील अर्जांत नोंदवावा लागणारा डाग होऊं शकतो. प्रवासापूर्वीं ज्या ज्या राज्यांतून जावयाचें त्यांचा चालू कायदा पाहावा. शंका असल्यास यंत्र घरींच ठेवावें.

येथपर्यंत जें सांगितलें तें पैशाचें आणि कायद्याचें झालें. तिसरें पथ्य मनाचें आहे, आणि आमच्या मतें तेंच मुख्य होय. रुग्णवाहिकेच्या वाहिनीवर कोणाच्या तरी घराचा पत्ता, वय आणि दुखणें ऐकूं येतें. त्या घरच्या मंडळींच्या आयुष्यांतील ती सर्वांत वाईट घटका असते, आणि आपण मात्र चहाचा पेला हातांत घेऊन ती ऐकत असतों. असें ऐकलेलें शेजारणीला सांगणें, समाजमाध्यमांवर टाकणें, किंवा पाहावयास म्हणून गाडी तिकडे वळविणें, हें सर्व त्या रेषेच्या पलीकडचें आहे.

हा उपदेश कोरडा वाटूं नये म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों. एप्रिल २०१३ मध्यें बॉस्टन येथील मॅरेथॉन-शर्यतींत बॉम्बस्फोट झाले, आणि चारच दिवसांनीं, १९ तारखेस मध्यरात्र उलटतांच, संशयितांचा पाठलाग सुरू झाला. हजारों लोक ठिकठिकाणीं पोलिसांच्या लहरी ऐकत बसले होते, आणि ऐकलेलें, अर्धवट ऐकलेलें, व न ऐकलेलें असें सर्व कांहीं जगभर पसरत होतें. त्या रात्रीं एका बेपत्ता तरुणाचें नांव पोलिसांच्या रेडिओवर संशयित म्हणून उच्चारलें गेलें, अशी आवई उठली. लाखों लोकांनीं तिच्यावर विश्वास ठेवला. आधींच मुलाच्या शोधांत होरपळलेल्या त्याच्या कुटुंबावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. तो मुलगा निरपराध होता. पुढें त्याचा मृतदेह सांपडला. एका पत्रकारानें मागाहून त्या रात्रीचें ध्वनिमुद्रण तपासलें, तेव्हां तें नांव त्यांत आढळलेंच नाहीं. बॉस्टनच्या पोलिसांनाही त्या दिवशीं जाहीर विनंती करावी लागली कीं, कोणत्या घराची झडती चालू आहे हें प्रसिद्ध करून शिपायांचे प्राण धोक्यांत घालूं नका.

या हकीकतींत यंत्राचा दोष कांहींच नव्हता. लहरींवरचें बोलणें म्हणजे पक्की बातमी नव्हे. तें काम करणाऱ्या माणसांचें एकमेकांशीं चाललेलें चाचपडणें असतें. पहिली वर्दी पुष्कळदां चुकीची असते; ती दुरुस्त करण्यासाठींच पुढचें बोलणें चालतें. वार्ताहरानेंही ती दोन ठिकाणांहून पडताळल्याखेरीज छापूं नये. मग घरीं बसलेल्या हौशी माणसानें ती वाटेल तशी पसरविणें किती अनुचित! जें आपल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठीं लागेल, म्हणजे कोणता रस्ता बंद आहे, आग कोणत्या बाजूला सरकत आहे, पाणी कोठवर चढलें आहे, तेवढें घ्यावें आणि आपला मार्ग बदलावा. तेंही सरकारी सूचनेला पूरक म्हणून. तिच्या ऐवजीं नव्हे. बाकीचें कानांतून आंत आलें तरी तोंडांतून बाहेर जाऊं देऊं नये.

शेवटीं इकडच्या वाचकांसाठीं दोन शब्द. अमेरिकेंतून येणारा मुलगा धाकट्या भावासाठीं असें यंत्र भेट म्हणून आणूं लागला, तर त्याला वेळीच थांबवावें. आपल्या देशांत साधा रेडिओ ऐकण्यासाठींदेखील टपालकचेरींत वार्षिक परवाना-फी भरावी लागे, हें वडील मंडळींना आठवत असेल. ती फी गेली. पण त्यामागचें तत्त्व गेलेलें नाहीं. १९३३ च्या बिनतारी-कायद्यांत ‘बिनतारी उपकरण’ याची व्याख्या इतकी व्यापक होती कीं, केवळ ऐकणारें यंत्रही तींत येई. आणि २०२३ सालीं संसदेनें मंजूर केलेल्या दूरसंचार-कायद्यांतही रेडिओ-उपकरण बाळगण्यास अधिकृत अनुमतीची अट घातलेली आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा टिपणें हा तर त्या कायद्याप्रमाणें तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. तेव्हां पोलिसांच्या किंवा विमानतळाच्या लहरी ऐकण्याची हौस येथें करूं नये.

मात्र ज्या मुलाला किंवा मुलीला आकाशांतल्या लहरींचें खरें कुतूहल आहे, तिचा हिरमोड करण्याचें कारण नाहीं. हौशी रेडिओची सरकारी परीक्षा आहे. ती उत्तीर्ण होऊन परवाना मिळविला, म्हणजे स्वतःचें हांक-चिन्ह घेऊन देशोदेशींच्या लोकांशीं उघडपणें बोलतां येतें. संकटकाळीं या हौशी मंडळींनीं समाजाची मोठी सेवा केलेली आहे. चोरून ऐकणाऱ्यापेक्षां नांव सांगून बोलणाराचा मान अधिक, हें लहान वयांतच कळलें तर बरें.

सारांश, ज्याच्या गांवीं खुलें बोलणें आहे, ज्याच्या वाटेवर कायद्याची आडकाठी नाहीं, आणि ज्याला ऐकून गप्प राहण्याची संवय आहे, त्यानें हें यंत्र अवश्य घ्यावें. वादळाच्या रात्रीं तें त्याच्या कुटुंबाचा पाठीराखा होईल. या तिहींपैकीं एकही गोष्ट नसेल, तर हवामान-रेडिओ आणून राहिलेले डॉलर मुलांच्या पुस्तकांसाठीं ठेवावे.